हंसराजाची पूड

त्या वर्षी आमच्या दोन खोल्यांत तीन तऱ्हेची धूळ असायची. कापसाची, तंबाखूची आणि माझी. कापसाची धूळ नायना घेऊन यायचे. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. सोलापुरातल्या आमच्या तेलुगू विणकर घरांत तसंच म्हणतात. ते टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे, आणि पाळी संपवून दारात आले की भुवया, मिशा, कानांवरचे केस सगळं पांढरं झालेलं असायचं. अम्मा त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं करून फडक्यानं झटकायची. तंबाखूची धूळ तिची स्वतःची. ती दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची, भिंतीपलीकडच्या कारखान्यात माग खटखटत असायचे आणि त्या ठेक्यावर तिची बोटं चालायची. वीज गेली की माग थांबायचे, आणि त्या शांततेनंच आम्ही दचकायचो. जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि अंबाडीची आंबट भाजी, जिला अम्मा पुंटिकूर म्हणायची. सगळ्याला तंबाखूचा किंचित वास. मला तो जेवणाचाच वास वाटायचा. कॉलेजात मैत्रिणीच्या डब्यातली भाकरी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा तिच्यात काहीतरी घालायचं राहिलंय असं मला वाटलं होतं.

तिसरी धूळ मी आणली. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, वनस्पतिशास्त्र घेऊन. घरात शाळेपुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे कुणाला धड माहीत नव्हतं. शेख मॅडम आम्हाला मॉस आणि नेचे शिकवायच्या. बारीक चणीच्या, डोक्यावर सुती पदर घेतलेल्या, आवाज मात्र असा की मागच्या बाकावरची झोप उडावी. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला कॉलेजच्या गळक्या नळामागच्या भिंतीपाशी नेलं. तिथे मखमलीसारखं हिरवं काही पसरलं होतं. आम्ही त्याला शेवाळ म्हणायचो. "हे मॉस," मॅडम म्हणाल्या. "आता वाकून बघा." त्या मखमलीतून केसासारख्या दांड्या वर आल्या होत्या, आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला मोहरीपेक्षा लहान एक कुपी. "ही मखमल आई. ही दांडी आणि कुपी तिचं लेकरू. ते जन्मभर आईच्या डोक्यावर उभं राहतं आणि तिचंच खातं. कुपी फुटली की आतली पूड उडते आणि त्या पुडीतून पुन्हा मखमल." नेच्याचं वेगळं, असं त्यांनी सांगितलं. नेच्याच्या पानांखालीही अशीच पूड असते, तिला बीजाणू म्हणायचं. पण त्या पुडीतून नेचा उगवत नाही. उगवतो टिकलीएवढा, बदामाच्या आकाराचा, कागदाहून पातळ हिरवा पापुद्रा. त्याच्या खालच्या अंगाला नर पेशी तयार होतात आणि मादी पेशीही. नर पेशींना शेपट्या असतात, आणि त्या पाण्यातून पोहत मादीकडे जातात. पाण्याचा एक पातळ थर पुरतो, पण तो लागतोच. भेट झाली की मग कुठे नेच्याचं पहिलं पान वर येतं.

"म्हणून मला सोलापुरात नोकरी लागली तेव्हा माझ्या अब्बांना हसू आलं होतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणाले, तिथे माणसांना पाणी नाही, तू पोरींना नेचे कुठून दाखवणार?"

त्यांनी दाखवले. एका सूत रंगवण्याच्या कारखान्यामागे जुनी दगडी विहीर होती. तिच्या आतल्या पायऱ्यांच्या सांध्यांतून हंसराज नावाचा नेचा लोंबत होता. काळ्या तारेसारखे देठ, पंख्यासारखी नाजूक पानं. बाहेर डोकं तापत होतं आणि त्या पायऱ्यांवर अंगावर काटा येत होता. प्रत्येकीनं वर्षभराचा एक प्रकल्प निवडायचा होता. मी हंसराज निवडला: पुडीपासून पहिल्या पानापर्यंत. पानं वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून घरी आणली. दोन दिवसांत कागदावर बारीक तपकिरी पूड साठली. विटेचा तुकडा उकळून घ्यायचा, थाळीतल्या पाण्यात उभा करायचा, त्यावर चिमूटभर पूड भुरभुरायची आणि वरून काचेची बरणी पालथी घालायची. बरणी नायनांनी कुठूनशी आणली. वीटही त्यांनीच फोडून दिली. खिडकीच्या कोनाड्यात ते सगळं मांडलं तेव्हा अम्मा म्हणाली, "नळाला दिवसाआड पाणी, आणि ही विटेला पाजते!" पण रोज सकाळी थाळीत पाणी आहे का ते तीच बघायची.

उरलेली पूड मी कागदाच्या पुडीत बांधून फळीवर ठेवली होती. एका दुपारी, पेरलेलं उगवलं नाही तर म्हणून, ती किती उरली आहे ते बघायला मी पुडी उघडली. नायना रात्रपाळी करून आले होते आणि खाली सतरंजीवर झोपले होते. टेबलफॅन फिरत होता. तो माझ्याकडे वळला आणि पुडी हातातून उडाली. तपकिरी धुराचा एक लोट उठला आणि सावकाश खाली बसला, नायनांच्या चेहऱ्यावर, मिशांवर, उघड्या तोंडावर. ते दोनदा शिंकले, हातानं नाक पुसलं, कूस बदलली आणि पुन्हा झोपले. मी ओल्या फडक्यानं फरशी पुसली. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तेव्हा काही वाटलंही नाही.

गणपतीनंतर विटेवर हिरवट झाक दिसू लागली. दिवाळीच्या आसपास भिंगातून ते पापुद्रे दिसायला लागले, आणि त्याच सुमारास नायनांना खोकला लागला. आधी कोरडा. कारखान्यातून आलेल्या कुणालाही असतो तसा. अम्मानं अडुळशाचा काढा केला, हळद घालून दूध दिलं, चौकातल्या डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली. बाटली संपली, खोकला राहिला. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. पुंटिकूर केली की भाकरीवर भाकरी खाणारा माणूस अर्ध्या भाकरीवर ताट सरकवू लागला. सदरा खांद्यावरून घसरायला लागला.

मी तोवर फक्त काळजीत होते. भीती सुरू झाली ती वर्गात. मॅडम बुरशी शिकवत होत्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, की ओलसर कोठारात काम करणाऱ्यांच्या श्वासातून बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जातात आणि काहींना त्यानं कायमचं दुखणं जडतं. माझं पेन थांबलं. बीजाणू. शब्द तोच होता. पुढचं मी काही लिहून घेतलं नाही. ती वही अजून आहे माझ्याकडे; त्या पानावर अर्ध्यातच वाक्य तुटलंय.

आज मी पासष्टीला टेकले आहे, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, आणि मला सांगता येतं की त्या भीतीत काही अर्थ नव्हता. हिरव्या झाडाला उजेड लागतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि भीती यांचा माझ्यात तेव्हा काही संबंधच उरला नव्हता. मला डोळ्यांसमोर दिसायचं: नायनांच्या छातीची ओली, कोमट भिंत, आणि तिच्यावर एकेक करून उगवत जाणारे हिरवे बदाम. तिथे पाणी होतं, ऊब होती, सगळं होतं. ते घरी झोपलेले असले की मी दुसऱ्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि दोन खोकल्यांच्या मधे किती वेळ गेला ते मनात मोजायची. वेळ लांबला की बरं वाटायचं, आणि फार लांबला की उठून बघायला जायची. घर कापसानं आणि तंबाखूनं भरलेलं होतं. अम्माच्या सुपातून उडणारी पूड उन्हाच्या तिरिपेत उघड दिसायची. त्या दोन धुळींकडे माझं बोट एकदाही गेलं नाही. त्या आमच्या नेहमीच्या होत्या. परकी धूळ माझीच होती.

मॅडमना विचारायचं मी रोज ठरवायची. प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच भीती होती.

मग एके सकाळी मोरीपाशी नायनांचा रुमाल धुवायला घेतला तर त्यावर तपकिरी डाग होता. क्षणभर मला ती माझी पूडच वाटली. पाणी लावल्यावर डाग लाल झाला. मी रुमाल बादलीत बुडवला, चूल पेटवली आणि पातेलंभर पाणी उकळायला ठेवलं. अम्मा विड्यांची पानं कातरत होती. तिनं विचारलं, "कशाला गं?" मी म्हटलं, "बरणी धुवायची आहे." कोनाड्यातून थाळी उचलली, अंगणातल्या गटारीपाशी नेली आणि बरणी काढली. पापुद्रे तयार झाले होते. सगळी वीट त्यांनी झाकली होती, एकाच्या कडेवर दुसरा, ओले, चमकणारे. तीन महिने मी याचीच वाट बघत होते. मी उकळतं पाणी ओतलं. शिजलेल्या पालकासारखे ते काळपट होऊन विटेला चिकटले. वास पण तसाच आला. पुन्हा पाणी ओतलं आणि वीट गटारीपलीकडे फेकून दिली. आत येऊन अम्माला रुमालाबद्दल सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते आणि थकलेले दिसत होते. त्यांनी छातीला नळी लावली, फोटो काढायला पाठवलं, परत आल्यावर फोटो उजेडाकडे धरून बघितला. काम काय, किती वर्षं, विडी ओढता का, घरात आणखी कुणी खोकतं का, असं विचारत गेले. नायना उत्तरं देत होते. "घरात आणखी कसली धूळ?" असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

"माझ्यामुळे झालंय. मी नेच्याचे बीजाणू आणले होते. ते यांच्या तोंडात गेले."

डॉक्टरांनी मान वर केली. "कशाचे?"

"नेच्याचे. हंसराज. विहिरीत असतो."

शेजारचा कंपाउंडर हसला. डॉक्टर हसले नाहीत. "ते काय असतं मला ठाऊक नाही, ताई," ते म्हणाले. "थुंकी तपासू. तीन दिवसांनी या."

नायना माझ्याकडे बघत होते. त्यांना मराठी उत्तम कळायचं, पण मी काय म्हणाले ते कळलं नव्हतं. वाटेत त्यांनी विचारलं नाही.

ते तीन दिवस मी कसे काढले ते लिहिता येणार नाही. चौथ्या दिवशी मी एकटीच निकाल आणायला गेले. डॉक्टर म्हणाले, "क्षय आहे. टीबी. जंतूंचा आजार आहे हा, माणसाकडून माणसाला होतो. तुमच्या त्या झाडाचा काही संबंध नाही. सुया आणि गोळ्या लांबवर घ्याव्या लागतील, एक दिवस चुकवायचा नाही. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या." मी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले आणि मला आनंद झाला. तो लपवून ठेवण्यात आता अर्थ नाही. माझ्या वडिलांना क्षय झाला होता, त्या काळी आमच्या गल्लीत हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे, आणि मी पायरीवर बसून सुटल्यासारखी रडत होते, कारण ते माझ्यामुळे नव्हतं. ती पाचदहा मिनिटं मी स्वतःला अजून माफ केलेली नाहीत.

तपासणीत अम्माला आणि मला काही निघालं नाही. नायनांचा कारखाना सुटला. त्यांचं ताट, तांब्या, टॉवेल वेगळे झाले, आणि खिडकीपाशी त्यांचं अंथरूण पडलं, कारण डॉक्टरांनी हवा आणि उजेड सांगितला होता. ती खिडकी म्हणजे माझा कोनाडा. दोन दिवस त्यांनी तो रिकामा बघितला. तिसऱ्या दिवशी मी पाणी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "तुझी वीट कुठं हाय?" घरात आम्ही तेलुगूच बोलायचो, पण गंभीर काही असलं की नायना मराठीत शिरायचे, कारखान्यात शिकलेल्या मराठीत. मी सगळं सांगितलं. पुडी, पंखा, वर्गातलं वाक्य, उकळतं पाणी.

मला वाटलं ते समजूत घालतील. ते चिडले. इतके की खोकला आला आणि तोंडावर टॉवेल धरून बराच वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "मला इचारायचं हुतं की. म्यॅडमला इचारायचं. इतकं शिकून कुणालाच इचारलं न्हाईस? आन मी मेलो असतो तर? जल्मभर हेच उरावर घेऊन बसली असतीस की. उद्या जा. सांग त्यांना."

मी गेले. मॅडमही रागावल्या. "दोन गोष्टी एकामागून एक झाल्या म्हणून पहिलीनं दुसरी घडवली? हे शिकवलं मी तुला?" असं म्हणाल्या. मग त्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं. त्यात त्यांनी स्वतः गोळा केलेली हंसराजाची पूड होती. "परीक्षेपर्यंत पापुद्रे होतील. पान येईल का ते सांगता येत नाही. दोन विटांवर पेर. एक फसली तर दुसरी असेल."

या वेळी दोन्ही विटा नायनांच्या उशाशी उगवल्या. मी कॉलेजला जायची, अम्मा विड्या वळायला आता शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसायची, आणि घरात दिवसभर ते आणि त्या दोन बरण्या. सकाळी सुई घ्यायला चालत जायचे, येऊन झोपायचे, उठून बरणीत बघायचे. संध्याकाळी मला सांगायचे, आज उजव्या बरणीत जास्त हिरवं दिसतंय. मी भिंग त्यांच्यापाशीच ठेवून दिलं. फेब्रुवारीत त्यांना भूक लागायला लागली. पापुद्रेही तयार झाले. रोज सकाळी ते त्यांच्यावर बोटांनी पाण्याचे थेंब शिंपडायचे, कारण पाण्याच्या थराशिवाय भेट होत नाही हे मी त्यांना सांगितलं होतं. पान मात्र येत नव्हतं. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीही नव्हतं. मी एक बरणी रिक्षात मांडीवर धरून नेली. बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी विटेवर नजर टाकली, माझ्या आकृत्या उलटल्या आणि म्हणाले, "प्रकल्पाचं नाव पहिल्या पानापर्यंत. पान कुठाय?" मी म्हटलं, "आलं नाही, सर." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

आटोपून बाहेर आले तर फाटकापाशी नायना उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, पायांत अम्मानं सणासाठी जपून ठेवलेल्या चपला. ते कॉलेजला कधी आले नव्हते. अम्माला काहीतरी झालं, एवढंच मनात आलं. मी धावत गेले. घामानं त्यांचा सदरा छातीला चिकटला होता आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"काय झालं? अम्मा कुठे आहे?"

"अम्मा हाय की घरात. तिला सांगितलं न्हाई." त्यांनी टॉवेल बाजूला केला. आत दुसरी बरणी होती. "तू गेल्यावर बघितलं. उगवलंय. चालत आलो, रिक्षात हिसके बसत्यात." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "संपली व्हय परीक्षा?"

मी त्यांचा हात धरून प्रयोगशाळेत नेलं. परीक्षक चहाला गेले होते, शेख मॅडम एकट्या कागद आवरत होत्या. नायना दारातच थांबले आणि रुमालानं तोंड झाकलं. "सुया चालू हायत, म्यॅडम. डाक्टर म्हनत्यात आता धोका न्हाई. तरी लांबच थांबतो." मॅडम उठल्या, स्वतः स्टूल ओढून खिडकीपाशी ठेवलं आणि म्हणाल्या, "या, बसा. आधी हे बघू द्या मला." बरणी उचलून त्यांनी भिंग धरलं. मग भिंग नायनांच्या हातात दिलं. एका पापुद्र्याच्या खाचेतून केसाएवढा देठ वर आला होता, आणि त्याच्या टोकाला पंख्यासारखं एक पान, तांदळाच्या दाण्याहून लहान.

"आता हे मोठं हुनार," नायना भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "आन खालचं हे हिरवं? त्याचं काय हुतंय?"

"ते वाळून जाईल," मॅडम म्हणाल्या. "पानाला स्वतःची मुळं फुटली की ते वाळतं."

नायनांनी भिंग खाली ठेवलं.

"म्हंजी ते वाळलं तर पानानं काय चूक केली असं न्हाई."

"नाही हो," मॅडम म्हणाल्या. "त्यात पानाचा काय दोष?"

नायना माझ्याकडे वळले. "ऐकलंस?" ते म्हणाले.